मुळीक मेडिकलमधला हेळवी

करंजखडीत तरणे पुरुष वर्षातून दोनदाच बघायला मिळतात, दिवाळीत आणि नाथाच्या जत्रेत. एरवी ते कोइमतूर, कोलकाता, गुवाहाटी अशा लांबलांबच्या शहरांत गलाईच्या दुकानात बसलेले असतात. जुने दागिने वितळवायचे आणि त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं, हा इथल्या घरांचा पणज्यापासूनचा धंदा. त्याच्या जोरावर माळावर तीन-तीन मजली बंगले उभे राहिले. त्यांत राहायला मात्र म्हाताऱ्या, सुना आणि शाळेत जाणारी पोरं.

या सुनांना कुणाला न विचारता जाता येईल अशी गावात एकच जागा होती, एसटी स्टँडसमोरचं मुळीक मेडिकल. मेडिकलला जाते म्हटलं की कुठलीही सासू 'कशाला' असं विचारत नाही. फार तर 'येताना माझ्या गुडघ्याचं मलम आण' म्हणते. दुकान शलाका मुळीकचं. बी. फार्म. झालेली, पस्तिशीची, तोंडानं फटकळ, पण ऐकलेलं पोटातच ठेवणारी. म्हणून बायका तिच्याकडं यायच्या.

एचआयव्ही टाळायचं औषध गावोगावच्या मेडिकलमधून द्यायला परवानगी मिळाली, तेव्हा तालुक्यात पहिला अर्ज शलाकानं केला. औषध म्हणजे तांदळाएवढा एक दाणा. दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली सरकवला की वर्षभर तो हळूहळू झिरपत राहतो. विषाणू शरीरात शिरला तरी त्याला आपली नक्कल काढता येत नाही, आणि नक्कल निघाली नाही की तो तिथंच संपतो. याआधी रोज घ्यायच्या गोळ्या होत्याच, पण त्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, एका ठरावीक खोलीत मिळायच्या. त्या खोलीच्या दारात उभं असलेलं कुणी पाहिलं, की ती बाई गावात पोचायच्या आधी बातमी पोचायची. मेडिकलमधल्या दाण्यानं ती कटकट मिटवली. बायकांनी त्याला नावही आपलं आपण ठेवलं, ताकदीचा दाणा. 'आमच्या सुनंला लई अशक्तपणा हाय, तेवढा ताकदीचा दाणा घाला,' असं म्हणत सासवा स्वतः सुनांना घेऊन यायला लागल्या, तेव्हा हसू दाबताना शलाकाच्या नाकीनऊ आले होते.

अट एकच होती. दाणा घालण्याआधी बोटातलं रक्त तपासायचं. विषाणू आधीच अंगात ठाण मांडून बसला असेल तर एकटा दाणा त्याला पुरा पडत नाही. विषाणू मरत नाही, उलट त्या औषधाला सरावतो, आणि पुढं खरे उपचार करायची वेळ आली की तेच औषध हातातून गेलेलं असतं. या बाबतीत शलाका कुणाची गय करायची नाही.

गय केली ती दोघींची. एक स्वतःची आणि दुसरी जाऊ सानिकाची.

जिनं निम्म्या गावाच्या दंडांत दाणे घातले, तिच्या दंडात दाणा नव्हता. घालायचा म्हणजे नवऱ्यावर, कोइमतूरला गलाईचं दुकान सांभाळणाऱ्या संग्रामवर, आपला भरवसा नाही असं कबूल करायचं. दुसऱ्या बायकांना ती ऐटीत सांगायची, "अगं, हेल्मेट घालतो तेव्हा काय समोरच्या गाडीवाल्यावर संशय असतो होय?" हे वाक्य तिला फार आवडायचं. स्वतःला तेवढं कधी तिनं ते सांगितलं नाही. आणि सानिका म्हणजे धाकट्या दिराची, ऋतुराजची बायको. लग्न होऊन वर्ष-सव्वा वर्ष झालेलं. डी. फार्म. शिकलेली म्हणून शलाकानंच तिला दुकानात घेतलं. ऋतुराजही कोइमतूरला, भावाच्याच हाताखाली. आता घरच्या माणसाचं बोट काय टोचायचं? असं कुणी बोललं नव्हतं, पण टोचलंही नव्हतं.

जत्रा आठवड्यावर आली होती. पुरुष यायचे म्हणून दुकानात दाण्यासाठी वर्दळ होती, आणि नेमका त्याच गडबडीत कंपनीचा तांबोळी नवं तपासणी यंत्र घेऊन आला. दिसायला मिक्सरच्या भांड्याएवढं. त्यानं ते काउंटरवर ठेवलं आणि पुसल्यासारखं केलं.

"वहिनी, जुनं यंत्र नुसतं आहे की नाही तेवढं सांगायचं. हे त्याचं खानदान सांगतं."

"कुणाचं?"

"विषाणूचं. कसं आहे, हा विषाणू नक्कल काढताना सारखा चुकतो. एखाद्या शब्दाच्या जागी दुसराच, तसं. त्या चुका पुढच्या नकलेत तशाच उतरतात. दोन माणसांच्या विषाणूंत त्याच त्या चुका सापडल्या, तर ते एकाच घरातले समजायचे. हे यंत्र त्या चुका वाचतं आणि देशभरच्या नोंदींशी ताडून बघतं."

"म्हणजे हेळवीच की!" सानिका म्हणाली, आणि तिघंही हसले.

हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ सांगत फिरणारा माणूस. सुगी झाली की बैलावर बसून यायचा, अंगणात बसून पिढ्यान्‌पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचा आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचा. आता तो मोटारसायकलवर येतो, पण नावं अजून तशीच म्हणतो. बापाचं, आजाचं, पणज्याचं. बायकांची नावं त्यात नसतात. लग्न होऊन आल्यावर शलाकानं त्याला एकदा विचारलं होतं, "मामा, माझं नाव कधी येणार?" तो गालातल्या गालात हसला होता आणि सासूबाईंनी डोळे वटारले होते.

"पण हा हेळवी एक गोष्ट सांगत नाही बरं का," तांबोळी म्हणाला. "कुणाकडून कुणाला गेला, ते त्याला कळत नाही. अधेमधे आणखी कुणी असेल तर तेही कळत नाही. नातं आहे, एवढंच सांगतो. आणि ज्याच्याशी नातं लागलं त्याच्या मोबाइलवर लगेच संदेश जातो, म्हणजे तो माणूस सावध होतो. नाव कुणाचंच जात नाही हां. नुसता सल्ल्यासाठी दुकानाचा पत्ता."

दुकानाच्या पत्त्यावरून माणूस थोडाच कळतो, असं नियम करणाऱ्यांना वाटलं असणार. ती मंडळी करंजखडीत कधी राहिली नव्हती.

यंत्र चालू करायला मालकाच्या नावानं एक चाचणी करावी लागत होती. शलाकानं काचेवर अंगठा टेकवला, पडद्यावर तिचं नाव उमटलं. आता रक्ताचा थेंब हवा होता. तेवढ्यात काउंटरवर एक बाई कडेवरचं तापलेलं पोर घेऊन आली. शलाका तिकडं वळली आणि वळता वळता म्हणाली, "सानिका, तूच दे गं बोट. थेंबावर काय नाव लिहिलेलं असतंय?"

सानिकानं बोट पुढं केलं. तांबोळीनं थेंब घेतला. "काही निघणार नाहीच, हिरवा दिवा लागला की झालं. नोंद चुकली-माकली तर दुकान बंद करेपर्यंत दुरुस्त करता येते, नंतर ती कायमची," असं सांगून तो पुढच्या गावाला निघून गेला.

दुपारी शटर अर्ध्यावर ओढून दोघी जावा डबा खायला बसल्या, तेव्हा दिवा लाल झाला.

शलाकाला आधी वाटलं, यंत्र बिघडलं. नवीन वस्तू आहे, होतं असं. तिनं जुन्या पद्धतीची पट्टी काढली, सानिकाचं दुसरं बोट टोचलं. सानिका अजून हसतच होती. पट्टीवर आधी एक रेघ आली. मग दुसरी आली, सावकाश. शलाकानं आणखी एक पट्टी काढली. पुन्हा तेच.

सानिकाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, पुसायचं राहिल्यासारखं.

"ताई, मी कुणाच्या..." तिला पुढं बोलता येईना. "ताई, नाथाची शपथ, मी ह्यांच्याशिवाय..."

"विचारलं का मी तुला?" शलाका जवळजवळ ओरडली. मग तिला जवळ ओढून घेतलं. पोरीचं अंग थंडगार पडलं होतं.

शलाकानं तिला ते सगळं सांगितलं जे ती इतरांना सांगायची. रोज एक गोळी, की विषाणू दबून राहतो. माणूस म्हातारं होईपर्यंत जगतो. गोळ्या नियमित असल्या तर तो दुसऱ्याला लागतही नाही, पोरंबाळंही धडधाकट होतात. सगळं खरं होतं. पण औषध रक्तातला विषाणू दाबतं, सासरचं घर नाही. लग्न होऊन वर्ष झालेली, मूलबाळ नसलेली सून. तिलाच विचारतील, तू कुठून आणलंस? तिचा नवरा हजार कोसांवर राहतो हे तेव्हा कुणाच्या ध्यानातही राहणार नाही.

आणि मग यंत्राच्या पडद्यावर पुढची ओळ आली.

'जवळचा नातलग आढळला: एक. पहिली नोंद: कोइमतूर. नातलगास संदेश पाठवला आहे.'

खाली, ठळक अक्षरात, ज्याचं रक्त तपासलं त्याचं नाव: शलाका मुळीक.

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला जावेचं काही वाटलं नाही. आपलं नाव, एवढंच दिसलं. ही नोंद आजच्या आज पुसली पाहिजे. तिचा हात पडद्याकडं गेला. सानिकानं मनगट धरलं.

"आत्ता नको ताई. माझं नाव नोंदीत गेलं की गोळ्याही माझ्याच नावानं येतील. घरी कळेल. आत्या मला उंबऱ्यात उभी करणार नाहीत."

सासूला, आक्काताईंना, दोघी आत्या म्हणायच्या. नवरा तरुणपणीच गेला, दोन पोरं एकटीनं वाढवली, तेव्हापासून ती बाई हसलेली कुणाला आठवत नव्हती. तिच्यापुढं संग्रामचीही बोलताना जीभ अडखळायची.

"आज ना उद्या घालावंच लागेल," शलाका म्हणाली, पण हात मागं घेतला. दुसराच विचार तिच्या डोक्यात शिरला होता. नातलग कोइमतूरचा, आणि त्याची नोंद आधीच झालेली. म्हणजे त्याला आपला आजार ठाऊक आहे. ऋतुराज असेल? एवढं माहीत असून त्यानं लग्न केलं? की दुसराच कुणी? करंजखडीची पन्नास-साठ माणसं तरी असतील तिथं. की...

दिवाळीला संग्राम पंधरा दिवस घरी होता. दुपारी शलाका दुकानात असायची आणि सानिका घरी. सानिका त्याला जेवायला वाढायची, डोक्यावरचा पदर सांभाळत. शलाकानं जावेकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून. शलाकाला स्वतःच्या मनाची किळस आली, पण विचार जाईना. नातं आहे एवढंच हा हेळवी सांगतो. पुढचं सगळं माणसाचं मन रचतं, आणि ते कधी चांगलं रचत नाही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. संग्राम.

या वेळेला तो कधी फोन करत नसे. दुपारी भट्टी पेटलेली असते. शलाकाला मोबाइल उचलवेना. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा तिनं तो कानाला लावला.

"शलाका, दुकानात कोण आहे?" आवाज ओळखू येत नव्हता. "बाजूला ये जरा."

"कुणी नाही. बोला."

पलीकडं बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग तिच्या लक्षात आलं, तो रडतोय. तेरा वर्षांच्या संसारात तिनं त्याला रडताना ऐकलं नव्हतं.

"मला माफ कर," तो म्हणाला. "मला तुझ्या दुकानाचा मेसेज आलाय. मी गोळ्या घेतो गं, एक दिवस चुकवत नाही. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या चालू असल्या की बायकोला लागत नाही. दोन वर्षं झाली. मग तुला कसं लागलं? त्याच्या आधीच लागलं असणार. मी तुझं वाटोळं केलं शलाका."

समोरच्या कपाटात खोकल्याच्या बाटल्या ओळीनं लावल्या होत्या. दोन वर्षं. दोन दिवाळ्या, दोन जत्रा. हा माणूस तिच्या शेजारी झोपला होता, सकाळी पोरांना दप्तर पाठीला लावून देत होता, आणि बॅगेच्या कुठल्यातरी कप्प्यात गोळ्या ठेवत होता. ती औषधं विकणारी बाई, आणि तिला कळलं नाही.

"ते रक्त माझं नाही," ती म्हणाली.

"काय?"

"सानिकाचं आहे. चुकून माझ्या नावावर पडलं."

पलीकडचा आवाज थांबला. श्वाससुद्धा ऐकू येईना. त्या शांततेत शलाकाला जी भीती वाटली, तशी तिला बाळंतपणातही वाटली नव्हती. तिनं ओठांवर आलेला प्रश्न गिळला, पण तो बाहेर आलाच.

"तुमचं आणि तिचं काही..."

"नाही! आईशपथ नाही. काय बोलतेस तू?" मग त्याचा आवाज एकदम बसला. "ऋत्याला मीच नेलं होतं. त्याच्या लग्नाच्या आधी. नवीन आला होता, एकटा पडायचा, म्हणून मी जायचो त्याच बाईकडं एकदा सोबत घेऊन गेलो. मग तो त्याचा त्याचा जायला लागला. मला कळलं तेव्हा त्याला सांगायला पाहिजे होतं, तपासून घे म्हणून. थोरल्या भावानं हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आज सांगतो, उद्या सांगतो म्हणता म्हणता त्याचं लग्न ठरलं."

"आणि तुम्ही अक्षता टाकल्या."

शलाकाला इतका संताप आला की रडूही येईना. तिनं भिंतीशी बसलेल्या पोरीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आता ऐका. आधी ऋतुराजला सांगा, आणि मग आत्यांना फोन करा. आजच्या आज. मी दुकान बंद करायच्या आत."

"आईला? शलाका, ती जीव देईल."

"मग सानिकाचा गेलेला चालेल तुम्हाला? तिचं नाव आधी कळलं तर सगळं तिच्या माथी येणार. तुमचं आधी कळलं तर तिला घरात जागा राहील. थोरला मुलगा आहात ना? मग थोरल्यासारखं एकदा वागा."

फोन कट झाला. हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता.

शांत दुकानात फोनमधला आवाजही बाहेर येत होता; सानिकानं सगळं ऐकलं होतं. ती उठली, बेसिनवर तोंड धुतलं, हातमोजे चढवले आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल पुढं ओढलं.

"बसा ताई."

"कशाला?"

"दादांना दोन वर्षांपूर्वी कळलं. त्याच्या आधी त्यांना किती दिवसांपासून होतं, कुणाला माहीत? बसा."

शलाका त्या स्टुलावर आजवर कधी बसली नव्हती. तिथून दुकान वेगळंच दिसत होतं. काउंटर उंच वाटत होता, पांढरा दिवा डोळ्यांत जात होता. इथं बसून बायका तिच्याकडं कशा बघत असतील, ते तिला आज कळलं. सुई टोचली तेव्हा ती दचकली. दुसऱ्यांना ती सांगायची, 'मुंगी चावल्यासारखं होतंय, बाकी काही नाही.' मुंगी कसली! तिला दोन पोरं आठवली, थोरलीचा सहावीचा क्लास आठवला, धाकट्याचा दूध प्यायचा पेला आठवला. यंत्र नुसतं घुमत राहिलं. सानिका तिचं बोट कापसानं दाबून उभी होती, आणि कापूस केव्हाच कोरडा झाला तरी तिनं सोडलं नाही.

दिवा हिरवा झाला.

शलाका हमसून हमसून रडली. सुटलो, असं वाटलं, आणि जावेसमोर तसं वाटल्याची लाजही वाटली. दोन्ही एकदमच वाटलं.

पडद्यावर आता नवाच प्रश्न उभा होता. 'एकाच नावावर दोन वेगळी रक्तं. कोणती नोंद ठेवायची?'

"राहू दे माझ्याच नावावर," शलाका डोळे पुसत म्हणाली. "मला कोण घराबाहेर काढणार? घर या दुकानावर चालतंय. गोळ्या माझ्या नावानं येतील, तू घे."

"असं चालत नाही ताई. तुम्हीच शिकवलंय मला. गोळ्या लागू पडतायत की नाही, ते हा हेळवी काय तुमच्या रक्तात शोधणार? आणि तुमच्या नावावर लाल दिवा राहिला तर तुमच्या दंडात दाणा कोण घालू देईल?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. पण बरोबर असून भीती थोडीच जाते? दोघी पडद्याकडं बघत नुसत्या उभ्या राहिल्या. अंगठा कुणीच पुढं करेना.

बाहेर, शटरच्या खालच्या फटीतून, स्टँडचं तापलेलं डांबर दिसत होतं. शलाकाला आधी लुगड्याचा काठ दिसला, मग पाय. अनवाणी पाय, भराभरा येणारे. ते पाय तिनं कुठंही ओळखले असते. आत्या घरातून चपला न घालता निघाली होती. गुडघे दुखतात म्हणून देवळात जायलाही रिक्षा लागणारी बाई एवढ्या उन्हात चालत आली होती.

"ताई..." सानिका औषधांच्या मांडणीमागं सरकली.

संग्रामनं सांगितलं की नाही? काय सांगितलं? की सगळं अर्धवट सांगून, सानिकाचं नाव पुढं करून मोकळा झाला? आक्काताई वाकून शटरखालून आत आल्या. धापा टाकत होत्या. त्यांनी दुकानभर नजर फिरवली, स्टूल ओढलं आणि बसल्या.

"संग्याचा फोन आलता," त्या म्हणाल्या. "लहान पोरावानी रडत हुता. कुटाय ती?"

शलाका मांडणीच्या आड उभी राहिली. "आत्या, तिची काही चूक नाही. तिला काही बोलायचं असेल तर आधी मला बोला."

"तुलाच बोलाय आली हाय." म्हातारीचे डोळे तिच्यावर रोखलेले होते. "साऱ्या गावच्या सुनांला दाणा घातलास. माज्या सुनंला का न्हाई घातलास गं?"

शलाकाला काही उमजेना. "आत्या, तो दाणा म्हणजे..."

"ताकदीचा, व्हय? आमास्नी काय खुळ्या समजतीस? त्यो कशाचा दाणा हाय ते गावातल्या समद्या सासवांला ठावं हाय. कोण बोलत न्हाई, एवडंच. आमी का धाडतो सुनांला तुज्याकडं? लेक माजा हाय, पर त्यो काय दिवे लावत आसंल ते मला कळत न्हाई व्हय? म्या म्हणलं, माज्या घरात तर मेडिकलवालीच सून हाय. तिनं पयलं सोताला आन् हिलाच घातला आसंल. म्हणून म्या कदी इचारलं न्हाई." त्यांचा आवाज फुटला. "इचाराय पायजे हुतं."

शलाका काय सांगणार होती? घरचीच म्हणून राहिलं, असं?

मांडणीमागून सानिका पुढं आली. आक्काताईंनी हात उचलला तेव्हा शलाका मध्ये पडायला पुढं झाली. म्हातारीनं पोरीच्या खांद्याला धरून तिला खाली ओढलं, स्वतःच्या पायांशी बसवलं आणि तिचं डोकं मांडीवर दाबून धरलं.

"तुमचा सासरा कशानं गेला, ठावं हाय?" मग त्या म्हणाल्या. "ताप म्हणून सांगितलं. कोइमतूरासनं आणला तवा नुसती हाडं हुती. ऋत्या रांगत हुता. डाक्टरनं माज्या दिराला बाजूला नेऊन कायतरी सांगितलं, मला कुणी सांगितलं न्हाई. म्याबी इचारलं न्हाई. तवापास्नं रोज सकाळी उटलं की वाटतंय, आज मला व्हतंय का उद्या."

म्हणून ही बाई हसत नव्हती. इतकी वर्षं औषधाशिवाय सहसा कुणी तगत नाही, हे शलाकाला ठाऊक होतं. तुम्हाला काही नसणार आत्या, असं ती आत्ता सांगू शकली असती. पण यंत्रानं सांगणं निराळं. ते तिला आज त्याच स्टुलावर बसून कळलं होतं.

सानिका उठली. कुणी न सांगता तिनं पडद्यावरचं शलाकाचं नाव पुसलं आणि काचेवर अंगठा टेकवला. तिचं नाव उमटलं. तिचे दात एकमेकांवर आपटत होते, पण अंगठा तिनं उचलला नाही.

"पोरं जत्रंला आली म्हंजी आदी हितं आणायची," आक्काताई म्हणाल्या. "दोगांस्नीबी. नाथाला मागनं जातील, नाथ काय पळून जात न्हाई." मग त्यांनी पदराला हात पुसला आणि बोट पुढं केलं. "माजंबी बघ."

शलाकानं नवी सुई काढली. सानिकानं यंत्राकडं वळून, रोज गिऱ्हाइकांना विचारायची तसंच विचारलं, "कुणाच्या नावावर घालू, आत्या?"

"माज्याच," म्हातारी म्हणाली. "आक्काताई रामचंद्र मुळीक. आख्खं नाव घाल."